यवन, अविंध, काफर : शब्दांचे बदलते अर्थ आणि आपण

शाळेत इतिहासाच्या तासाला 'यवन' हा शब्द आला की पुढच्या बाकांवरची दोन-तीन मुले हटकून मागे वळून आमच्याकडे पाहत. त्या पाहण्यात वैर नसे, नुसते कुतूहल असे. आमचे गुरुजी मनाने चांगले होते. पण तो शब्द वाचताना त्यांचाही आवाज किंचित खाली येई, आणि त्यावरूनच आम्हाला कळले की हा शब्द आमच्याबद्दल आहे आणि तो काही चांगला नाही. घरी येऊन अब्बांना विचारले. ते म्हणाले, "पुस्तकातलं पुस्तकातच ठेवायचं, बेटा." हे उत्तर नव्हते, प्रश्न मिटवणे होते. पण त्या काळी आपल्या घरांतून असेच प्रश्न मिटवले जात.

गेल्या वर्षी आमचा नातू कुठल्याशा स्पर्धेतला पोवाडा ऐकून घरी आला आणि त्याने तोच प्रश्न केला, "दादाजान, यवन म्हणजे आपणच का?" अब्बांचे उत्तर पुन्हा द्यायला जीभ वळेना. "थांब, नीट बघून सांगतो," एवढेच म्हणालो. त्यानंतर वर्षभर कोश, शिलालेखांची पुस्तके, संतवाङ्मय असे जे हाती लागले ते चाळत होतो. एका शब्दापासून सुरुवात केली आणि अनेक शब्दांपर्यंत जाऊन पोचलो. त्यातले काही दुसऱ्यांनी आपल्याला लावलेले होते, तर काही आपण दुसऱ्यांना. काही तर आपणच आपल्या माणसांना लावलेले निघाले. त्या शोधाची ही हकिकत.

यवन कोण होते?

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्राचीन काळी आयोनिया नावाचा प्रदेश होता. तिथे ग्रीक लोक राहत. इराणी लोक त्यांना 'यौना' म्हणत. तोच शब्द संस्कृतात 'यवन' झाला आणि पालीत 'योन'. पाणिनीला 'यवनानी' हा शब्द माहीत होता. ती यवनांची लिपी, असे पुढच्या वैयाकरणांनी सांगितले. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक या योन राजाचे नाव येते. म्हणजे यवन म्हणजे ग्रीक. एवढा साधा तो अर्थ होता.

हे यवन आपल्या महाराष्ट्रातही होते. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात जा. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट या गावचे अनेक यवन आहेत. जुन्नरच्या आणि नाशिकच्या लेण्यांतही यवन दाते सापडतात. बौद्ध भिक्खूंना खांब, गुहा, पाण्याची टाकी देणारे हे श्रद्धाळू लोक. नाशिकच्याच लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे वर्णन शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, असे करते. एका लेण्यात यवन दाता, दुसऱ्या लेखात यवन शत्रू. पण दोन्हीकडे तो एका परक्या देशाचा माणूस आहे. पैगंबरसाहेबांचा जन्म व्हायला अजून काही शतके अवकाश होता, हेही लक्षात ठेवावे.

सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर तर सांगतो, की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले रुजले आहे, म्हणून त्यांचीही ऋषींसारखी पूजा होते. 'यवनजातक' नावाचा संस्कृत ग्रंथच आहे. आणि नातवाला सर्वात जास्त गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. अरबीत ग्रीस देशाला 'युनान' म्हणतात. हा 'युनान' त्याच आयोनियातून निघाला. आमच्या मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांच्या पाटीवर 'युनानी दवाखाना' असे लिहिलेले आहे. त्यातला 'युनानी' आणि पोवाड्यातला 'यवन' हे सख्खे भाऊ आहेत. एकाला आपण मानाने पाटीवर लिहितो आणि दुसरा ऐकला की मान खाली घालतो.

मग हा शब्द आपल्याकडे कसा आला? पश्चिमेकडून, समुद्रावरून किंवा खैबरवरून येणारा परका तो यवन, अशी सवय भाषेला लागली होती. ग्रीक येईनासे झाले, अरब आणि तुर्क येऊ लागले. नाव जुनेच राहिले, माणसे बदलली. पण सुरुवातीला हे एकच नाव नव्हते. सिंधकडून आलेल्या अरबांच्या सैन्याचा पराभव केल्याचे इ. स. ७३९ च्या नवसारीच्या चालुक्य ताम्रपटात सांगितले आहे. तिथे त्यांना 'ताजिक' म्हटले आहे. पुढे 'तुरुष्क' आला, 'पारसीक' आला. शत्रू म्हणून उल्लेख असला तरी नाव बहुधा कुळाचे किंवा देशाचे असे, धर्माचे क्वचितच.

ताजिक म्हणजे नेहमी शत्रूच, असेही नाही. आजच्या पालघर जिल्ह्यात चिंचणी येथे सापडलेला राष्ट्रकूटांचा शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. त्यात संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका ताजिकाचा उल्लेख आहे. त्याचे नाव मधुमती, म्हणजेच महंमद, असे विद्वान मानतात. 'सुगतिप' हा त्याचा किताब. राष्ट्रकूट राजाने त्याला हे मंडळ सोपवले होते. त्याने लोकांसाठी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मोफत मिळेल असे अन्नछत्र घातले. आणि ताम्रपट आहे तो एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला त्याच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीचा. हजार-अकराशे वर्षांपूर्वी कोकणच्या उत्तर टोकाला 'ताजिक' हा शब्द असा सन्मानाने ताम्रपटावर चढला होता. आजही वर्षफल काढणारा ज्योतिषी 'ताजिक' पद्धत वापरतो आणि त्यातला 'इत्थशाल' योग सांगतो. तो अरबी 'इत्तिसाल' आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसते.

म्लेच्छ आणि अजम

'म्लेच्छ' हा शब्द 'यवन'पेक्षा जास्त टोचतो. पण त्याचा मूळ अर्थ भाषेशी निगडित आहे. अस्पष्ट, अशुद्ध बोलणारा तो म्लेच्छ. शतपथ ब्राह्मणात असुरांची कथा आहे. त्यांना शब्द नीट उच्चारता आले नाहीत म्हणून ते हरले. ब्राह्मणाने असे म्लेच्छासारखे बोलू नये, असा तिचा बोध. पुढे त्यात आचार, खाणेपिणे आणि शुद्धाशुद्ध यांची भर पडत गेली आणि शब्द जड होत गेला.

ग्रीकांनी हेच केले. ज्यांची भाषा त्यांना नुसती 'बर्बर' अशी ऐकू येई ते त्यांच्या दृष्टीने रानटी. आणि अरबांनी? त्यांनीही तेच केले. 'अजम' म्हणजे ज्याचे बोलणे स्पष्ट नाही तो, अरबी नसलेला. इराणी माणूस कितीही विद्वान असला तरी अरबाच्या लेखी तो अजमी. अखेरच्या हजच्या खुतब्यात पैगंबरसाहेबांनी सांगितले, की अरबाला अजमीवर किंवा अजमीला अरबावर श्रेष्ठत्व नाही. ते सांगावे लागले, यावरूनच त्या शब्दात किती तोरा भरलेला होता हे कळते. पुढे इराणी लोकांनी हा शब्द स्वतःच्या देशाचे नाव म्हणून स्वीकारला आणि त्यातला डंख गेला. इकबालांच्या १९२७ सालच्या फारसी काव्यसंग्रहाचे नावच 'जबूर-ए-अजम' आहे. एकेकाळची शिवी कवितेच्या मुखपृष्ठावर बसली.

'तुर्क' शब्दाने तर सगळ्याच बाजू पाहिल्या. फारसी गझलेत तुर्क म्हणजे गोरापान, देखणा, निर्दय प्रियकर. आपल्याकडे तुर्क म्हणजे मुसलमान. आणि खुद्द उस्मानी साम्राज्यात, इस्तंबूलच्या उच्चभ्रू लोकांत, 'तुर्क' म्हणजे अनातोलियातला अडाणी खेडूत! स्वतःला तुर्क म्हणवून घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. १९२३ साली प्रजासत्ताक आले आणि मुस्तफा कमाल यांनी तोच शब्द राष्ट्राच्या अभिमानाचा केला. त्याआधी १९०८ च्या क्रांतीमुळे 'तरुण तुर्क' हा शब्दप्रयोग जगभर गेला होता. आपल्या देशात काँग्रेसमधल्या चंद्रशेखर, मोहन धारिया यांच्यासारख्या बंडखोरांना तो लावला गेला. आज मराठीत कोणी कोणाला 'तरुण तुर्क' म्हटले तर तो खूश होतो.

'हिंदू' या शब्दाचेही असेच झाले. इराणच्या सम्राट दारयवहूच्या लेखांत सिंधूकाठच्या प्रदेशाचे नाव 'हिंदुश' असे येते. तो निव्वळ भूगोल होता. नंतरच्या फारसी काव्यात 'हिंदू' म्हणजे काळा. प्रेयसीच्या गालावरचा तीळही हिंदू. काही फारसी कोशांनी गुलाम आणि चोर हेही अर्थ नोंदवले. त्यावर बोट ठेवून एकोणिसाव्या शतकात आर्य समाजाच्या प्रचारकांनी हे नाव टाकून 'आर्य' म्हणा, असा आग्रह धरला. लोकांनी तो मानला नाही. चौदाव्या शतकात विजयनगरचे राजे तर स्वतःला 'हिंदुरायसुरत्राण', म्हणजे हिंदू राजांमधले सुलतान, म्हणवून घेत होते. कोशातला एखादा वाईट अर्थ पुढे करून 'हिंदू हा शब्दच मुळात शिवी आहे' असे म्हणणारा जितका चूक, तितकाच 'यवन म्हणजे फक्त ग्रीक, तुम्हाला राग का येतो?' असे विचारणाराही चूक. शब्दाचा जन्मदाखला दाखवून त्याचे आजचे वागणे झाकता येत नाही.

एकाच शरीरावरून पडलेली दोन नावे

जुन्या मराठीत आपल्यासाठी आणखी एक शब्द होता, तो म्हणजे 'अविंध'. ज्याचे कान विंधलेले नाहीत तो अविंध. हिंदू घरांत मुलांचे कान टोचत, मुसलमानांत टोचत नसत. त्या एका खुणेवरून हे नाव पडले.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतपरंपरेतले मोठे नाव. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हे गाव. 'योगसंग्राम'सारखा ग्रंथ त्यांनी सतराव्या शतकात मराठीत लिहिला. मालोजीराजे भोसले त्यांना गुरू मानत, असे परंपरा सांगते. हे शेख महंमद आपल्या रचनेत स्वतःला 'अविंध' म्हणतात. लपवत नाहीत, आणि त्याबद्दल कुरकुरही करत नाहीत. कान विंधलेले नाहीत हे खरे, पण अंतःकरणात परमेश्वर आहे, अशा भावाने ते हा शब्द उच्चारतात. दुसऱ्यांनी लावलेले नाव त्यांनी आपल्या हाताने उचलून कपाळी लावले, मग त्या नावाने त्यांना दुखवणार कोण?

आता दुसरा शब्द. तो लिहिताना हात अडखळतो, पण शिव्यांच्या इतिहासावर लिहायला बसल्यावर तो टाळणे हा भ्याडपणा होईल. 'लांड्या'. शेपूट तोडलेले जनावर लांडे, आखूड कोट तो लांडा कोट, आणि खतना झालेला म्हणून मुसलमान तो लांड्या. 'अविंध' काय आणि हा शब्द काय, दोन्ही शरीरावरच्या खुणेवरूनच आलेले. व्युत्पत्तीच्या तराजूत घातले तर दोघांचे वजन सारखे भरेल. पण एक शब्द संताने स्वतःसाठी वापरला आणि दुसरा कुठल्याही मुसलमानाने स्वतःसाठी कधी वापरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो भांडणात येतो, घोषणेत येतो, भिंतीवर येतो. दंगलीच्या रात्री दाराची कडी घालून बसलेल्या माणसाने तो बाहेरून ऐकलेला असतो. त्या माणसाला व्युत्पत्ती सांगून काय उपयोग? शिवी कोशात सापडत नाही. ती कोणाच्या तोंडून, कोणाला उद्देशून आणि कोणत्या वेळी बाहेर पडली, त्यात सापडते.

पैठणच्या एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात दोघे एकमेकांना सोडत नाहीत. तुर्क हिंदूला काफर म्हणतो, हिंदू तुर्काच्या धर्मातल्या विसंगती काढतो. देवधर्म, सोवळेओवळे, कशालाही हात घालायचा बाकी ठेवत नाहीत. आज हे कोणी नव्याने लिहिले तर दोन्हीकडचे लोक पोलीस ठाण्यात जातील. पण त्या संवादाच्या शेवटी दोघेही समजुतीवर येतात आणि एकमेकांना भेटतात. तिथे दोघांनाही बोलायला सारखीच जागा आहे. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकून घ्यायचे, अशी ती मांडणी नाही. म्हणून चारशे वर्षांनंतरही ती रचना वाचताना आम्हाला अपमान वाटला नाही, उलट हसू आले.

मोगलाई आणि बर्गी

आमच्या घराला लागून एक ब्राह्मण कुटुंब राहत असे. तिथल्या काकू मुलांनी घर डोक्यावर घेतले की ओरडत, "काय मोगलाई माजवलीय रे!" भिंतीच्या अलीकडे आमची दादी हे ऐकून हसत असे. दादी स्वतः कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरलेल्या कोंबड्याला "मुआ काफर!" म्हणत त्याच्यामागे धावे, आणि ते ऐकून काकू हसत. दोघींपैकी एकीलाही कधी वाटले नाही, की आपण दुसरीच्या पूर्वजांबद्दल किंवा धर्माबद्दल काही बोलतो आहोत.

'मोगलाई' म्हणजे अंदाधुंदी, हा अर्थ मराठी माणसाने लढाया आणि लुटालूट सोसून मिळवलेला आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच मराठी माणसाचे नाव बंगालमध्ये काय झाले तेही पाहावे. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. सरकारी घोड्यावर बसणारा शिपाई तो 'बारगीर', हा आपल्याकडचा साधा फारसी शब्द. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला, आणि बर्गी म्हणजे लुटारू. तिथल्या आया बाळाला झोपवताना बर्गी आल्याची भीती घालू लागल्या. ते अंगाईगीत बंगाली घरांतून अजून म्हटले जाते. कलकत्त्याभोवती १७४२ साली मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला गेला, त्याला नावही मराठ्यांचेच मिळाले. एका मुलखाचा वीर दुसऱ्या मुलखाच्या भाषेत बागुलबुवा होतो. आपल्या मराठीत अब्दालीच्या अफगाणांचा 'गिलचा' झाला तो याच रीतीने.

'गनीम' शब्दाचा प्रवास याहून मजेदार आहे. मोगलांचे फारसी इतिहासकार मराठ्यांना 'गनीम', म्हणजे लुटारू शत्रू, म्हणत. मराठीतही गनीम म्हणजे शत्रूच. पण 'गनिमी कावा' म्हटले की आज मराठी माणसाची छाती फुगते. शत्रूने हिणवण्यासाठी वापरलेला शब्द बिरुद झाला. आणि 'मोगलाई'? ती आता हॉटेलच्या पाटीवर गेली आहे. 'मोगलाई पदार्थ मिळतील' हे वाचून कोणाला अंदाधुंदी आठवत नाही, बिर्याणी आठवते.

एक प्रयत्न मात्र नोंदवला पाहिजे, तो म्हणजे शब्दालाच अपराधी ठरवण्याचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू होता. नव्या राज्याला आपली भाषा हवी, ही भावना समजण्यासारखी आहे. तरीही पेशवा, फडणवीस, चिटणीस हे शब्द राहिले, कारण लोकांनी ते आपले मानले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. १९२५ साली फारसी-मराठी कोश रचणारे आणि मराठीत गझल आणणारे माधव जूलियन यांनीही १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. महापौर, दिनांक असे चांगले शब्द त्या चळवळीने दिले. पण 'यावनी' आहे म्हणून शब्द अशुद्ध, हे म्हणणे वेगळे. त्यात शब्दाच्या आडून माणसाला अशुद्ध म्हटले जाते.

काफर : आपल्या तोंडचा शब्द

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. दुसऱ्याने आपल्याला काय म्हटले याचा हिशेब सगळेच ठेवतात. आता आपल्या तोंडचा शब्द घेऊ.

अरबी क-फ-र या धातूचा मूळ अर्थ झाकणे. सत्य झाकणारा, उपकार न मानणारा तो काफिर. बी मातीखाली झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही अरबीत हा शब्द लागतो. कुरआनातल्या सूरा हदीदच्या विसाव्या आयतीत 'कुफ्फार' हा शब्द आला आहे, तिथे अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ शेतकरी असाच घेतला आहे. उर्दू गझलेत तर काफिर म्हणजे प्रिय व्यक्ती. दादीचा कोंबडा या सगळ्यांच्या पलीकडचा.

हे सर्व खरे आहे. पण याच शब्दाने आफ्रिकेत काय केले? अरब व्यापारी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान नसलेल्या काळ्या लोकांना काफिर म्हणत. त्यांच्याकडून तो पोर्तुगीजांनी घेतला, मग डचांनी आणि इंग्रजांनी. दक्षिण आफ्रिकेत तो काळ्या माणसाला द्यायची सर्वात घाणेरडी शिवी झाला. वर्णद्वेषी राजवटीत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो ऐकला. २०१८ मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने काळ्या पोलिसांना हा शब्द वारंवार उद्देशून बोलणाऱ्या एका गोऱ्या स्त्रीला तुरुंगवासाची शिक्षा दिली. तिथे कोणी 'मूळ अर्थ शेतकरी' असे म्हटले असते तर चालले असते का? उलट श्रीलंकेत आफ्रिकी वंशाचा एक छोटा समाज आहे, तो स्वतःला काफिर म्हणवतो आणि त्यात त्याला काहीच कमीपणा वाटत नाही.

'यवन' शब्दासाठी आपण जो न्याय मागतो तोच 'काफर' शब्दाला लावला पाहिजे. 'आमच्या धर्मशास्त्रात ती नुसती एक संज्ञा आहे' हे आपले उत्तर आणि 'तो नुसता ऐतिहासिक शब्द आहे' हे समोरच्याचे उत्तर, दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत. संज्ञा ग्रंथात असते. रस्त्यावरच्या शेजाऱ्याला उद्देशून ती वापरली की शिवी होते. इंडोनेशियातल्या नहदतुल उलेमा या फार मोठ्या मुस्लिम संघटनेच्या उलेमांनी २०१९ साली पश्चिम जावातल्या बंजार येथे भरलेल्या परिषदेत सांगितले, की राष्ट्राच्या नागरिकत्वाच्या संदर्भात बिगर-मुसलमानांना काफिर म्हणू नये, त्यांना 'मुवातिन', म्हणजे नागरिक, म्हणावे. त्यांनी धर्मग्रंथातला शब्द खोडला नाही. तो कुठे वापरावा आणि कुठे वापरू नये एवढेच ठरवले. ही वाट आम्हाला पटते.

आपल्याच घरातले शब्द

आणि आपल्या घरात तरी काय आहे? इस्लाममध्ये जात नाही, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग 'जुलाहा' शब्द कुचेष्टेने का उच्चारला गेला? विणकराच्या मूर्खपणाच्या म्हणी उत्तर हिंदुस्थानात गावोगावी होत्या, आणि त्या म्हणणाऱ्यांत आपलेच शरीफ लोक होते. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत विणकरांनी 'मोमीन' आणि 'अन्सारी' ही नावे घेतली. कसायांनी 'कुरेशी' घेतले. पिंजारी 'मन्सुरी' झाले, कारण मन्सूर हल्लाज यांच्या नावातल्या 'हल्लाज'चा अर्थच कापूस पिंजणारा. न्हावी 'सलमानी' झाले, शिंपी 'इद्रिसी'. मालेगाव-भिवंडीच्या मागांवर बसणाऱ्यांना हे सांगायला नको. नाव बदलण्यामागे काय सोसलेले असते ते त्यांना आमच्याहून जास्त माहीत आहे.

पण नुसत्या नावाने काम भागत नाही, हेही इतिहास सांगतो. अकबर बादशहाने झाडूवाल्यांना 'हलालखोर' हे नाव रूढ केले, असे 'आईन-इ-अकबरी'त आहे. हलालची, कष्टाची भाकर खाणारा, असा किती सुंदर त्याचा अर्थ! पण काम तेच राहिले, वस्ती गावाबाहेरच राहिली, आणि काही काळाने हलालखोर हे नावही खालच्या पायरीचे झाले. 'मेहतर' याहून मोठा. फारसीत 'मिहतर' म्हणजे थोर, सरदार. हिंदुकुश पर्वतातल्या चित्राल संस्थानच्या राजाचा किताब विसाव्या शतकातही 'मेहतर' होता. आणि आपल्या गावांत मेहतर म्हणजे मैला वाहणारा. थोरपणाचे नाव दिले, थोरपण दिले नाही, तेव्हा नावच घसरत खाली आले.

बाईच्या वाट्याला तर आणखी वाईट आले. 'कसब' म्हणजे कमाई, हुन्नर. त्यावरून 'कसबी' कारागीर हा गौरव. पण 'कसबीण' म्हटले की वेश्या. धातू एक, प्रत्यय बदलला आणि हुन्नराची बदनामी झाली.

आपल्या शेजारच्या समाजाने यातून मार्ग काढलेला आहे. गांधीजींनी १९३०च्या दशकात 'हरिजन' हा शब्द सद्भावनेने रूढ केला. पण तो वरून दिलेला होता, म्हणून आंबेडकरी समाजाने नाकारला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो शब्द आज अपमानासाठी वापरला जातो, असे म्हटले. उलट 'दलित' म्हणजे तुडवला गेलेला. अर्थाने पाहिले तर किती करुण शब्द! पण १९७२ च्या पँथर्सच्या तोंडी तो ताठ मानेचा झाला. २०२० साली महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या ते चांगलेच झाले. त्या पाट्यांखालचे रस्ते आणि नळही बदलले, तर नवी नावे 'हलालखोर'सारखी घसरणार नाहीत.

नातवाला दिलेले उत्तर

वर्षानंतर नातवाला जवळ बसवले. सांगितले, "यवन म्हणजे आधी ग्रीक, मग परदेशी, मग आपण. ज्या जुन्या पुस्तकात तो आहे तिथून तो पुसायचा नाही. त्या माणसांना आपण कसे दिसलो ते त्यातून कळते. पण आज कोणी तुझ्याकडे बोट दाखवून तो म्हटला, तर त्याला शांतपणे सांगायचे, की माझे नाव अमुक आहे आणि मी इथला आहे. आणि तूही कोणाला काफर म्हणायचे नाही."

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग पणदादी कोंबड्याला म्हणायची ते?"

आम्ही म्हटले, "कोंबड्याला चालेल."

तो हसला. पण अब्बांनी आम्हाला जे उत्तर दिले नव्हते ते त्याला मिळाले, याचे समाधान वाटले. पुढच्या वेळी वर्गात कोणी मागे वळून पाहिले, तर तो खाली मान घालणार नाही. कदाचित कार्ल्याच्या खांबांची आणि चिंचणीच्या ताम्रपटाची गोष्ट त्यांना सांगेल. वळून पाहणारी मुले काही वाईट नव्हती. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते, एवढेच.